कंपनीच्या मेडिक्लेममधली वर्षं सोबत घेऊन निघा

प्रश्न थोडक्यात असा: "वय ४७. बुटीबोरीच्या कंपनीत १४ वर्षं झाली, पुढच्या महिन्याच्या ३१ तारखेला शेवटचा दिवस. त्यानंतर हिंगणा एमआयडीसीत मित्रासोबत फॅब्रिकेशनचं काम सुरू करतोय. कंपनीची ५ लाखांची ग्रुप पॉलिसी आहे. त्यात मी, पत्नी (४३), मुलगा (१७) आणि आई (७१). मला ३ वर्षांपासून बीपीची गोळी आहे, पत्नीला थायरॉइड, आईला शुगर. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगितलंय, ते उन्हाळ्यानंतर करू म्हणतोय. आता स्वतःची पॉलिसी कोणत्या कंपनीची घ्यावी? चौघांची मिळून १० लाखांची पुरेल का?"

भाऊ, मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स काउंटरवर मी बरीच वर्षं काम केलं. आता लोकांना आरोग्यविम्याचा सल्ला देते, पॉलिस्याही करून देते. पॉलिसी विकली की मला कमिशन मिळतं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. त्यामुळे अमुक कंपनी घ्या असं मी इथे लिहिणार नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत कंपनीचं नाव ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे.

सगळ्यात आधी आईचा डोळा. उन्हाळ्यानंतर नाही, ३१ तारखेच्या आत. ग्रुप पॉलिसीत बहुधा जुन्या आजारांना आणि मोतीबिंदूसारख्या ऑपरेशनना वेटिंग नसतं, पहिल्या दिवसापासून कव्हर असतं. स्वतःची नवी पॉलिसी घेतली की मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, गर्भाशयाचं ऑपरेशन, गुडघेबदल या ठरावीक यादीला बहुतेक ठिकाणी २ वर्षं थांबावं लागतं. नियमाने विमा कंपनी ते ३ वर्षांपर्यंतही ठेवू शकते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलंच आहे, तर उन्हाळा संपायची वाट पाहण्यात काहीच हशील नाही. एचआरला आजच विचारा की तुमच्या पॉलिसीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे किती मर्यादा आहे, आणि तारीख घेऊन टाका. तुमच्या स्वतःच्या किंवा पत्नीच्या बाबतीतही डॉक्टरांनी सुचवलेलं पण लांबणीवर टाकलेलं काही असेल, तर तेही याच महिन्यात उरकून घ्या.

आता तारखेबद्दल. पुष्कळ जणांचा समज असतो की कंपनीने वर्षभराचा प्रीमियम भरलाय, म्हणजे मार्चपर्यंत आपण कव्हर आहोत. तसं नसतं. बहुतेक ग्रुप पॉलिस्यांत तुमचं नाव शेवटच्या कामाच्या दिवशी यादीतून निघतं, आणि तुमच्यासोबत घरच्यांचंही. नव्या पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही. म्हणजे १ तारखेला अर्ज केला, आठ-दहा दिवस मेडिकल तपासणीत गेले, त्यानंतर ३० दिवस. डेंग्यूने ॲडमिट व्हायची वेळ आली तर सगळं बिल खिशातून. म्हणून नवी पॉलिसी नोकरीत असतानाच सुरू व्हायला हवी. दोन पॉलिस्या महिनाभर एकावर एक आल्या तर काही बिघडत नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे, आणि ती एचआर सहसा सांगत नाही. ग्रुप पॉलिसीत तुम्ही काढलेली वर्षं वाया जात नाहीत. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांप्रमाणे ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम असलेल्या) पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. तसं गेलात तर जुन्या आजारांचं आणि ठरावीक ऑपरेशनचं वेटिंग जेवढं ग्रुपमध्ये भोगून झालं, तेवढं वजा होतं. जुन्या आजारांसाठी कमाल वेटिंग २०२४ पासून ३ वर्षांवर आलंय, आधी ते ४ वर्षं होतं. म्हणजे ज्याची ग्रुपमध्ये सलग ३ वर्षं झाली आहेत, त्याला नव्या पॉलिसीत बीपी-शुगरसाठी एक दिवसही थांबावं लागू नये. त्याच कंपनीत एकदा आलात की पुढे नूतनीकरणाच्या वेळी पोर्टेबिलिटीने दुसऱ्या कंपनीतही जाता येतं, आणि ही वर्षं तिथेही सोबत येतात.

यात तीन गोम आहेत. पहिली, हा हक्क डोळे झाकून मिळत नाही. विमा कंपनी तुमची तब्येत तपासते, प्रीमियम वाढवून मागू शकते, क्वचित नकारही देते. त्यामुळे अर्ज शेवटच्या आठवड्यात नको, निदान महिनाभर आधी करा. ग्रुप पॉलिसीच्या कागदातच मुदत लिहिलेली असेल तर ती पाळा. दुसरी, वर्षं प्रत्येक माणसाची वेगळी मोजतात. तुम्ही १४ वर्षं आहात, पण आईचं नाव केव्हा चढलं? पुष्कळ कंपन्यांत आईवडिलांना मागाहून घेतात, कधी कर्मचाऱ्याच्या पगारातून पैसे कापून. आईचं नाव दोनच वर्षांपूर्वी चढलं असेल तर तिच्या शुगरचं एक वर्ष उरतं. तिसरी गोम रकमेची. वजावट जुन्या विमा रकमेपुरतीच मिळते. ५ लाखांवरून १० लाखांवर गेलात तर वरच्या ५ लाखांना वेटिंग नव्याने सुरू होतं.

म्हणून एचआरकडून काही कागद आताच घ्या, अजून ओळख आहे तोवर. नोकरी सोडून सहा महिन्यांनी ईमेल केला की "त्या मॅडम आता इथे नाहीत" असं उत्तर येतं. ग्रुप पॉलिसीची प्रत, प्रत्येक सदस्याचं ई-कार्ड, आणि एक पत्र, ज्यात चौघांची नावं, प्रत्येकाचं कव्हर कोणत्या तारखेपासून आहे, विमा रक्कम किती आणि आतापर्यंत कोणते क्लेम झाले हे लिहिलेलं असेल. गेल्या ३-४ वर्षांत तुमच्या कंपनीने विमा कंपनी बदलली असेल तर त्या जुन्या पॉलिस्यांच्या प्रतीही मागा. आणि तुमच्या प्लांटमध्ये कोणाचा पगार २१ हजारांच्या आत असेल, तो ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेत असेल, तर त्याची गोष्टच निराळी. ५ वर्षं विमाधारक राहून वयोमानाने किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्याला महिना १० रुपयांप्रमाणे वर्षाचे १२० रुपये एकदम भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. हे माहीत नसलेले खूप लोक भेटतात.

आता चौघांची मिळून एक पॉलिसी, की वेगळी? आईला वेगळं काढा. फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे १७ वर्षांच्या पोरासकट सगळ्यांच्या हिशेबात ७१ हे वय येऊन बसतं. शिवाय आई एकदा आयसीयूत गेली की सगळ्यांची रक्कम त्यात संपते. तुम्ही तिघं एक फ्लोटर, आई स्वतंत्र.

आईसाठी माझं मत ठाम आहे. मायग्रेशनचा सगळा जोर तिच्यासाठी लावा. ७१ वर्षांची, शुगर असलेली बाई नव्याने पॉलिसी मागायला गेली तर वयावरून तिला नाही म्हणता येणार नाही असा प्लॅन प्रत्येक कंपनीने ठेवायला हवा, हे नियमात आहे. पण त्या प्लॅनचा प्रीमियम, वेटिंग आणि को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) पाहिलं की जीव दडपतो. २० टक्के को-पे असेल तर ३ लाखांच्या मंजूर बिलात ६० हजार तुमचे. जुन्याच विमा कंपनीत ५ लाखांनी मायग्रेट झाली तर निदान वेटिंगचा तरी प्रश्न मिटतो.

सोबत तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. आधार कार्डावरचं वय चालतं, वेटिंग नाही, खासगी पॉलिसी असली तरी कार्ड मिळतं. मर्यादा एवढीच की योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आणि योजनेच्या पॅकेजमध्ये बसणारे उपचार व्हायला हवेत. आमच्या काउंटरवर लोक आजारी माणसाला घेऊन आल्यावर कार्डाची धावपळ करायचे. चांगली तब्येत असताना अर्ध्या तासात होणारं काम आहे ते.

तुम्हा तिघांसाठी १० लाख ठीक आहेत, पण मी असं करेन: १० लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर १० लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप, म्हणजे बिल १० लाखांच्या वर गेलं की वरचे पैसे देणारी जोड-पॉलिसी. सुपर टॉप-अप स्वस्त पडतो, कारण पहिल्या १० लाखांपर्यंत त्याला काही द्यावं लागत नाही. फक्त 'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' यात गफलत करू नका. समजा डिडक्टिबल ५ लाख आहे आणि एका वर्षात दोनदा ॲडमिट झालात, एकदा बिल ४ लाख, एकदा ३ लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं पाहतो, दोन्ही ५ लाखांच्या आत, म्हणून शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो, ७ लाख झाले, वरचे २ लाख तो देतो. प्रीमियममधला फरक किरकोळ असतो, पण विकणारा नेमका हा शब्द गिळतो.

आता ज्या कलमाने मी काउंटरवर सगळ्यात जास्त माणसं रडकुंडीला आलेली पाहिली, ते कलम. रूम रेंटची मर्यादा. पॉलिसीत लिहिलेलं असतं, 'रूम भाडे विमा रकमेच्या १ टक्का प्रतिदिन'. वाचणाऱ्याला वाटतं, जास्तीची रूम घेतली तर जास्तीचे पैसे आपण भरू, त्यात काय. डिस्चार्जच्या दिवशी मुलगा कागद हातात घेऊन विचारतो, "मॅडम, रूमचे तर पंधराच हजार जास्त होते नं, मग साठ हजार काहून कापून राहिले हे?"

हिशेब असा होतो. विमा ५ लाख, म्हणजे रूमची मर्यादा दिवसाला ५ हजार. घेतली ८ हजारांची, पाच दिवस. एकूण बिल २ लाख ४० हजार: रूम ४० हजार; सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग मिळून १ लाख २० हजार; औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट ८० हजार. रूमचे मिळाले २५ हजार. पण डॉक्टर आणि ओटीचे दरही हॉस्पिटलमध्ये रूमच्या दर्जाप्रमाणे वाढतात, म्हणून तिथेही ५ भागिले ८ एवढंच प्रमाण लागतं, १ लाख २० हजारांचे ७५ हजार. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटवर ही प्रमाणशीर कात्री चालवता येत नाही, ते ८० हजार पूर्ण. झाले १ लाख ८० हजार. तुमच्या खिशातून ६० हजार. आयसीयूच्या आकारावरही ही कात्री चालत नाही, आणि जे हॉस्पिटल रूमप्रमाणे दर बदलत नाही तिथेही नाही. एवढं माहीत असलं तर काउंटरवर भांडता येतं.

म्हणून पॉलिसी निवडताना रूम रेंटवर मर्यादा नको, किंवा निदान 'सिंगल प्रायव्हेट एसी रूम' असं प्रकाराने लिहिलेलं हवं, रुपयांत नको. आजचे ५ हजार दहा वर्षांनी कुठे असतील? सरकारमान्य साचेबंद 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी स्वस्त आणि समजायला सोपी आहे, पण त्यात रूमला २ टक्के आणि कमाल ५ हजारांची मर्यादा, शिवाय प्रत्येक क्लेमवर ५ टक्के को-पे आहे. अगदीच हात आखडता असेल तर चालेल. तुम्हाला मी सुचवणार नाही.

बाकी आकर्षणं, म्हणजे बोनस, रिस्टोर, मोफत चेकअप, जिमची सवलत, यावर वेळ घालवू नका. ग्लोव्हज, सिरिंज, पीपीई अशा 'नॉन-पेएबल' वस्तूंची ६८ नगांची यादी आहे, त्या भरून देणारा रायडर (पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा कव्हर) मात्र थोडक्या पैशांत मिळत असेल तर घ्या. मोठ्या ऑपरेशनमध्ये ही रक्कम जाणवते. बँकेतून किंवा क्रेडिट कार्डवाल्यांकडून "सर, तुमच्यासाठी स्पेशल मेडिक्लेम" असा फोन येईल. तो बहुतेक वेळा पुन्हा ग्रुप पॉलिसीचाच प्रकार असतो. बँकेने उद्या विमा कंपनी बदलली किंवा योजनाच गुंडाळली तर तुम्ही आज जिथे आहात तिथेच पुन्हा येणार.

आता प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीचा अर्ज. इथे घाई केली तर वर लिहिलेलं सगळं मातीमोल. फॉर्म स्वतः भरा, निदान सही करण्याआधी स्वतः वाचा. एजंट मोबाइलवर भराभर सगळ्या आजारांपुढे 'नाही' टिचकवतो, ओटीपी मागतो आणि तुम्ही देता. तुमची बीपीची गोळी, तिचं नाव आणि डोस, पत्नीचं थायरॉइड, पूर्वी कधी झालेलं ऑपरेशन, सगळं लिहा. नियमाने जुना आजार म्हणजे पॉलिसी सुरू व्हायच्या आधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला आजार. पण फॉर्ममध्ये "कधीही झालं होतं का" असं विचारलं असेल तर त्याचं उत्तर त्याप्रमाणेच द्यायचं. कंपनीचा पडताळणीचा फोन येतो तेव्हा गाडी चालवताना "हो हो, नाही नाही" करू नका. ते रेकॉर्ड होतं.

लपवलेलं सापडतं कुठे? हॉस्पिटलच्या केस पेपरवर. रात्री छातीत दुखतं म्हणून माणसाला आणतात, निवासी डॉक्टर घाईत विचारतो, बीपी आहे का, किती वर्षं? घाबरलेला भाऊ सांगतो, "झाली असतील आठ-दहा वर्षं." ते तसंच लिहिलं जातं. पॉलिसी ४ वर्षांची, फॉर्मवर 'नाही', आणि केस पेपरवर १० वर्षांचं बीपी. क्लेम अडकतो. यात एक वेगळी गोष्टही पाहिलीय: बीपी खरोखरच ३ वर्षांचं असतं, नातेवाईक उगाच १० म्हणून बसतो. मग ते खोडून काढायला जुने कागद लागतात. म्हणून तुमचं पहिलं प्रिस्क्रिप्शन, ज्या दिवशी गोळी सुरू झाली ते, फोटो काढून ठेवा. घरच्यांनाही खरं साल माहीत असू द्या. सलग ६० महिने पॉलिसी झाली की सिद्ध झालेल्या फसवणुकीशिवाय कंपनी अशा कारणाने क्लेम नाकारू शकत नाही. पूर्वी हीच मुदत ८ वर्षांची होती.

विदर्भापुरती एक गोष्ट. आपल्याकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पट्ट्यात आणि नागपुरातही पुष्कळ घरांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नुसता वाहक असलेला माणूस आणि प्रत्यक्ष आजार असलेला माणूस यातला फरक फॉर्म भरणाऱ्याला कळत नाही. तपासणीचा रिपोर्ट जोडा आणि स्पष्ट लिहा. आजार आनुवंशिक आहे एवढ्याच कारणावरून क्लेम नाकारू नका, असं नियामकाने २०१८ मध्येच कंपन्यांना सांगितलेलं आहे.

फ्रेश पॉलिसीच घ्यावी लागली, मायग्रेशन जमलंच नाही, तर बीपी-शुगर-थायरॉइडचं वेटिंग ३ वर्षांवरून १ वर्षावर किंवा काही प्लॅनमध्ये ३० दिवसांवर आणणारे रायडर मिळतात. तुमच्या वयाला आणि बीपीला मी ते घेईन. बीपी असलेल्या माणसाचं हृदयाचं बिल आलं की कंपनी सगळ्यात आधी तेच धागे शोधते.

नागपूरच्या माणसाने झोन बघायला हवा. अनेक कंपन्या शहरांचे गट पाडतात. मुंबई-दिल्ली वरच्या झोनमध्ये, नागपूर त्याखाली, म्हणून आपला प्रीमियम कमी. छान. पण काही पॉलिस्यांत वरच्या झोनच्या शहरात उपचार घेतले तर को-पे लागतो. आपल्याकडे आता जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानला एम्स आहे, तरी दुसरं मत घ्यायला लोक मुंबईला टाटात जातातच, आणि काही हैदराबाद गाठतात. तेव्हा 'झोनचा को-पे' असलेली पॉलिसी घेऊ नका, किंवा थोडा जास्त प्रीमियम भरून ते कलम काढून घ्या.

नेटवर्क हॉस्पिटलची यादी कंपनीच्या वेबसाइटवर पाहून खूश होऊ नका. तुम्ही राहता त्या भागातून रात्री दोन वाजता खरोखर कुठे जाल? धंतोली, रामदासपेठ की वर्धा रोड? अशी दोन-तीन हॉस्पिटलं ठरवा आणि त्यांच्या इन्शुरन्स काउंटरला फोन करून विचारा, "या कंपनीचं कॅशलेस आजच्या तारखेला सुरू आहे का?" दरांवरून वाद झाला की हॉस्पिटल कॅशलेस मधेच बंद करतं, आणि वेबसाइटवरचं नाव तसंच राहतं. काउंटरवरच्या मुलीला दुसरा प्रश्नही विचारा: कोणत्या कंपनीची मंजुरी वेळेत येते? ती जे सांगेल ते कुठल्याही जाहिरातीत नसतं. नियमाने कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी ३ तासांत यायला हवी. उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे असतात.

आता कंपनी. जाहिरातीतला '९९ टक्के क्लेम सेटलमेंट' बाजूला ठेवा. क्लेम मंजूर होणं वेगळं आणि मागितलेल्या रकमेतले किती रुपये मिळाले हे वेगळं. आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात प्रत्येक कंपनीने गोळा केलेल्या प्रीमियममधून क्लेमपोटी किती टक्के दिले ते असतं. ते फार कमी असेल तर कंपनी हात राखून देते, आणि वर्षानुवर्षं शंभराच्या वर असेल तर प्रीमियम वाढणार हे नक्की. तीन-चार वर्षांचे आकडे सोबत पाहा, एका वर्षावर जाऊ नका. विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या कंपनीच्या तक्रारी जास्त जातात हेही प्रसिद्ध होतं. आणि ज्या प्लॅनचा विचार करताय त्याचा पूर्ण प्रीमियम तक्ता मागा, ४७ चा नाही, ७५ वर्षांपर्यंतचा. वयाचा टप्पा ओलांडला की प्रीमियम कसा उडी मारतो ते तिथे दिसतं. ६० वर्षांवरच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर नियामकाशी आधी बोलावं लागेल, असं जानेवारी २०२५ मध्ये ठरलंय. आईच्या दृष्टीने ते महत्त्वाचं. बाजारात नुकताच आलेला, सगळ्यात स्वस्त प्लॅन मी सहसा टाळते. दोन-तीन वर्षांत क्लेम यायला लागले की त्याचे दर वाढतात.

पैशांचं पटकन: वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, जुना कोटेशन कोणी दाखवला तर फसू नका. आयकरात प्रीमियमची वजावट (८०डी म्हणून ओळखली जाणारी) जुन्या करप्रणालीतच मिळते, तुमच्या कुटुंबासाठी २५ हजार आणि ज्येष्ठ आईसाठी ५० हजारांपर्यंत. नव्या धंद्यात पहिलं वर्ष ओढाताणीचं असेल, तर हप्त्याने भरायची सोय आहे. पण मासिक हप्त्याला सवलतीची मुदत १५ दिवसांचीच असते, आणि धंद्याच्या गडबडीत हप्ता चुकला की १४ वर्षांची सलगता तुटते. जमलं तर वार्षिकच भरा, आणि भरायची तारीख पत्नीच्या मोबाइलवरही लावा.

क्लेम नाकारलाच तर कंपनीकडून कारण लेखी घ्या, पॉलिसीतल्या कलमासकट. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, सोबत आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. नागपूर पुण्याच्या कार्यालयाखाली येतं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं.

पॉलिसी हातात आली की ३० दिवस ती परत करायची मुभा असते. त्या दिवसांत एक काम करा: शेड्यूलवर प्रत्येकाच्या नावापुढे कव्हर कधीपासून सलग आहे ती तारीख आणि वेटिंगची वजावट छापून आलीय का ते बघा. आईच्या नावापुढे नवीनच तारीख दिसली, तर त्याच दिवशी एचआरचं पत्र जोडून कंपनीला ईमेल करा आणि दुरुस्त शेड्यूल मागवून घ्या. फोनवर "होऊन जाईल सर" म्हणतील, ते धरू नका.